कोर्ट, पोलीस आणि आपण: महाराष्ट्रात कोणतं काम कोणत्या दारात होतं

तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना एक गोष्ट सतत दिसते. माणूस चुकीच्या दारात वर्षभर उभा राहिलेला असतो. बांधाच्या भांडणासाठी पोलीस ठाण्यात खेटे, एफआयआर घेतला नाही म्हणून कलेक्टर ऑफिसला निवेदन, नवरा नांदवत नाही म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज. तोवर मुदत निघून गेलेली असते. पक्षकार पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न म्हणून इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. पण कोर्टाच्या आवारात जुनीच कलमं अजून तोंडात आहेत, म्हणून गरज पडेल तिथे दोन्ही आकडे दिले आहेत.

पोलीस, सरकारी वकील, न्यायाधीश, जेल हे सगळं एकाच खात्याचं ना?

नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. पोलीस तपास करतात. तो तपास कोर्टापुढे मांडतात सरकारी वकील, आणि ते अभियोग संचालनालयाचे असतात, पोलीस ठाण्याचे नव्हे. निकाल न्यायाधीश देतात. त्यांच्यावर गृह खात्याचा काडीचाही अधिकार नाही, तालुक्याच्या न्यायाधीशापर्यंत सगळ्यांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. माणूस जेलमध्ये गेला की तो कारागृह विभागाच्या ताब्यात, तिथे तपास अधिकाऱ्यालाही कोर्टाचा हुकूम घेऊनच जावं लागतं.

एवढं डोक्यात बसलं तर निम्मे गैरसमज मिटतात. "साहेबांना सांगून केस मागे घ्यायला लावतो" असं गावात कोणीतरी हमखास सांगतो. ठाण्यातल्या साहेबाच्या हातात ते नसतंच. आरोपपत्र गेलं की खटला मागे घेण्याचा अर्ज सरकारी वकील करणार आणि त्याला कोर्टाची परवानगी लागणार.

दिवाणी आणि फौजदारी यात नेमका फरक काय?

जमीन, पैसा, वाटणी, करार, भाडं यात माझा हक्क काय, हे ठरवायचं तर दिवाणी. कायद्याने गुन्हा ठरवलेलं काही कोणी केलं आणि त्याला शिक्षा व्हावी, तर फौजदारी. दिवाणीत तुम्ही स्वतः वादी असता. फौजदारीत खटला 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक' असा चालतो आणि तुम्ही फक्त फिर्यादी, म्हणजे एक साक्षीदार.

खरी गंमत आहे ती सीमेवर. चुलत्याने बांध कोरला, हा मोजणीचा आणि दिवाणी प्रश्न. तोच चुलता त्या बांधावर कुऱ्हाड घेऊन अंगावर आला, तर तो फौजदारी. ठाण्यात मात्र दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, तेही आजोबांच्या खरेदीखतापासून. समोरचा हवालदार दहा मिनिटं ऐकतो आणि "मॅटर दिवाणी आहे, कोर्टात जा" असं सांगून मोकळा होतो. कधी ते खरं असतं, कधी काम टाळायचं निमित्त. त्यामुळे फिर्याद देताना आधी कुऱ्हाड सांगा. खरेदीखत नंतर.

कोर्टांची उतरंड कशी आहे?

सगळ्यात खाली तालुक्याचं कोर्ट. तिथे बहुतेक ठिकाणी एकच न्यायाधीश दोन टोप्या घालून बसतो. दिवाणी दाव्यात तो 'दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर' आणि फौजदारीत 'प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी', म्हणजे सगळे ज्याला जेएमएफसी म्हणतात तो. सकाळी वाटणीच्या दाव्यात साक्ष नोंदवणारे हेच साहेब दुपारी मारामारीतल्या आरोपीचा रिमांड ऐकतात. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड देता येतो. त्याच्या वर मुख्य न्यायदंडाधिकारी, त्यांची मर्यादा सात वर्षं. दिवाणीत कनिष्ठ स्तराच्या वर वरिष्ठ स्तर.

त्यावर जिल्हा व सत्र न्यायालय. इथेही दोन टोप्या आहेतच: दिवाणी कामात जिल्हा न्यायाधीश, फौजदारीत सत्र न्यायाधीश. खून, बलात्कार, दरोडा असे खटले सत्र न्यायालयातच चालतात. फाशीची शिक्षा सत्र न्यायाधीश देऊ शकतात, पण उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय तिची अंमलबजावणी होत नाही. जिल्ह्याच्या वर मुंबई उच्च न्यायालय आणि शेवटी दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय.

प्रत्येक पायरीवर वरच्या कोर्टात जाता येतं, पण मुदतीत. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वजा होतात, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा. महिनाभर घरात चर्चा करून मग येणारे पक्षकार मी दर वर्षी पाहतो, आणि मग उशीर माफीचा अर्ज हा एक वेगळाच दावा होऊन बसतो.

मुंबईत नावं वेगळी का असतात?

इतिहासामुळे. उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झालं तेव्हापासून मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे थेट तिथेच दाखल करता येत आले आहेत. इतर जिल्ह्यांतून तिथे बहुतांश अपिलं आणि रिट, म्हणजे सरकारी निर्णयाविरुद्धचे अर्जच जातात. शहरासाठी १९४८ च्या कायद्याने नगर दिवाणी न्यायालय झालं, तेच सत्र न्यायालयही आहे. भाडेकरू-मालकाच्या तंट्यांसाठी लघुवाद न्यायालय आहे. नव्या संहितेत 'महानगर दंडाधिकारी' हा वेगळा प्रकार राहिलेला नाही, पण या दंडाधिकाऱ्यांच्या फोर्टमधल्या कोर्टाला लोक अजून किल्ला कोर्टच म्हणतात.

हायकोर्टासाठी दर वेळी मुंबईला जावं लागतं का?

तुमचा जिल्हा कोणता यावर आहे. मुख्य पीठ मुंबईत. विदर्भासाठी नागपूर, मराठवाडा आणि त्याला जोडलेल्या काही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर, गोव्यासाठी पणजी. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथे चालतात. या मागणीसाठी तिथल्या वकिलांनी चार दशकांहून जास्त काळ आंदोलनं केली. सावंतवाडीच्या पक्षकाराला एका तारखेसाठी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागायची, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच या बेंचची किंमत कळेल.

पिक्चरमध्ये दाखवतात तशी ज्युरी आपल्याकडे असते का?

आता नाही. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी 'निर्दोष' म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. एक शेपूट मात्र शिल्लक आहे: पारशी विवाहविषयक खटल्यांत १९३६ च्या कायद्यानुसार समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशांसोबत बसण्याची तरतूद आहे.

तहसीलदारांच्या नोटिशीवर 'दंडाधिकारी' लिहिलंय. ते न्यायाधीश आहेत का?

न्यायाधीश नाहीत, पण दंडाधिकारी आहेत. १ एप्रिल १९७४ पासून दंडाधिकारी दोन प्रकारचे झाले. गुन्ह्याचा खटला चालवून शिक्षा देणारे न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या हाताखाली. शांतता राखण्यासाठी आधीच पावलं उचलणारे कार्यकारी दंडाधिकारी सरकारच्या हाताखाली: जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार. जमावबंदी, म्हणजे जुनं १४४ आणि आताचं १६३, यांच्या सहीने लागते.

'चॅप्टर केस' हाही यांचाच प्रांत. गणपती किंवा निवडणूक जवळ आली की पोलीस काही नावांचे प्रस्ताव पाठवतात आणि हे दंडाधिकारी त्या माणसाकडून शांततेचा बाँड लिहून घेतात. जुनं कलम १०७, नवं १२६. चॅप्टर केस ही शिक्षा नव्हे, तिच्यामुळे तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. पण नोटीस आली तर हजर राहा. "काही होत नाही" म्हणून न गेलेल्यांना पुढे वॉरंट निघालेलं पाहिलंय. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत हेच अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे असतात. म्हणजे प्रस्तावही पोलिसांचा आणि ऐकणारेही पोलीस. मला हे कधीच पटलेलं नाही, पण कायदा तसा आहे.

शेताचा रस्ता अडवला. कोणतं कोर्ट?

या एका प्रश्नासाठी निम्मा तालुका हेलपाटे घालतो. वहिवाटीचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह कोणी अडवला, तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा करायचा. होय, सव्वाशे वर्षांच्या जवळ पोचलेला हा कायदा अजून रोज वापरात आहे. अट एकच: अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नव्हता आणि बांधावरून नवा हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. तेही तहसीलदारांकडेच. मुदत गेली किंवा मालकीचाच वाद असला तर दिवाणी न्यायालय. पोलिसांचं काम एवढंच की, हुकूम झाल्यावर रस्ता मोकळा करताना मारामारी होऊ नये.

पोलीस खात्याची रचना कशी आहे? एसपी मोठा की आयुक्त?

पोलीस हा विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिलाय, म्हणून दल महाराष्ट्राचं आणि मूळ कायदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. सगळ्यांच्या वर पोलीस महासंचालक. त्यांच्याखाली दोन वेगळ्या वाटा फुटतात.

ग्रामीण भागात काही जिल्हे मिळून परिक्षेत्र, त्यावर विशेष पोलीस महानिरीक्षक. प्रत्येक जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, म्हणजे एसपी. जिल्ह्याचे उपविभाग, तिथे उपविभागीय पोलीस अधिकारी, ज्याला लोक डीवायएसपी म्हणतात. त्याखाली पोलीस ठाणी. मोठ्या शहरांत ही साखळी नाही, तिथे पोलीस आयुक्त. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर, नाशिक ही जुनी नावं, पिंपरी-चिंचवड २०१८ मध्ये आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार २०२० मध्ये वेगळं झालं. आयुक्तालयात परिमंडळाला उपायुक्त, विभागाला सहायक आयुक्त आणि मग ठाणं. 'मोठा कोण' याला अर्थ नाही. तुमचं गाव एसपींकडे येतं की आयुक्तांकडे, एवढं माहीत असलं की तक्रार वर पाठवताना पत्ता चुकत नाही.

ठाण्याचा प्रमुख पोलीस निरीक्षक, मुंबईत 'सीनिअर'. छोट्या ठाण्याला सहायक निरीक्षकही असतो. मग उपनिरीक्षक, ज्याला जुनी माणसं अजून फौजदार म्हणतात, त्याखाली सहायक फौजदार, हवालदार, शिपाई. तुमच्या फिर्यादीचा तपास बहुधा यातल्याच कोणाकडे जातो. एफआयआरच्या प्रतीवर त्या तपास अंमलदाराचं नाव असतं. ते पाठ करा, कारण पुढचे सहा महिने तुमचं काम त्यांच्याकडेच आहे.

ठाण्यात गेल्यावर बोलायचं कोणाशी?

दारातून आत गेलं की समोर काउंटर आणि त्यामागे ठाणे अंमलदार. नोंद तिथेच होते. सरळ आत साहेबांच्या केबिनकडे धावू नका. नोंद नसलेलं बोलणं हवेत विरतं.

गेल्या पावसाळ्यात एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली. एसटीत चढताना गर्दीत कोणी तरी तिच्या पर्समधून मोबाईल काढला होता. "एफआयआर केलाय, पण महिना झाला, काहीच नाही," म्हणाली आणि घडी घातलेला कागद पुढे केला. वर ठाण्याचा शिक्का, खाली तिची सही, आणि मधल्या ओळीत 'मोबाईल गहाळ झाल्याबाबत'. तो एफआयआर नव्हताच. हरवल्याचा दाखला होता, सिमकार्ड नवीन घ्यायला उपयोगी पडणारा. चोरीचा तपास होणार कसा, चोरी कागदावर आलीच नव्हती. 'गहाळ झाला' आणि 'चोरून नेला' या दोन क्रियापदांत एक गुन्हा लपतो. सही करण्याआधी मजकूर वाचा. जबाब तुमचा आहे, शब्दही तुमचेच हवेत.

"आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून परत पाठवलं तर?

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास आणि अटक करू शकतात असा, असेल तर कोणत्याही ठाण्याने फिर्याद घ्यायलाच हवी. तिला शून्य क्रमांक देऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्दीचा प्रश्न स्पष्टच निकाली काढला आहे. फिर्याद ऑनलाइनही पाठवता येते, पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

रेल्वेची गोष्ट निराळी. लोकलमध्ये किंवा फलाटावर चोरी झाली तर ती लोहमार्ग पोलिसांकडे. ते राज्याचे. आरपीएफ हे केंद्राचं दल, मुख्यतः रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा बघणारं. दोघांचीही खोली एकाच स्टेशनवर असते आणि वर्दीही लांबून सारखी दिसते. दारावरची पाटी वाचा.

एनसी आणि एफआयआर यात फरक काय?

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, किरकोळ धक्काबुक्की अशी प्रकरणं यात जातात. यात दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही नाही. "एनसी केली, पुढे काही झालं नाही" ही तक्रार म्हणूनच निरर्थक ठरते. पुढे काही व्हावं असं वाटत असेल तर तुम्हीच कोर्टात जायचं. एफआयआर दखलपात्र गुन्ह्याचा, त्यावर तपास सुरू होतो, प्रत फिर्यादीला फुकट मिळते. आणि हो, एनसी करून घेणं कधी कधी फायद्याचंही असतं. पुढे प्रकरण वाढलं तर आधीची नोंद कामाला येते.

एफआयआर घेतच नाहीत. आता?

पहिली पायरी, लेखी फिर्याद ठाण्यात देऊन पोच घ्या. नाही घेतली तर स्पीड पोस्टाने एसपी किंवा उपायुक्तांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. जुन्या १५६(३) चा आताचा आकडा १७५(३). आधी वरिष्ठांना लेखी कळवलं होतं हे दाखवावं लागतं, तोंडी सांगितलेलं चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितलंय की, दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. नव्या कायद्यात मात्र एक फट आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. "चौकशी चालू आहे" असं सांगितलं तर परवानगी कोणाची आणि चौदावा दिवस कोणता, एवढं विचारा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

अटक झाली. पीसीआर, एमसीआर म्हणजे काय?

अटकेपासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायलाच हवं. हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. अटकेची कारणं सांगायची आणि नातेवाइकाला कळवायचं, हेही बंधनकारक. गुन्हा जामीनपात्र असेल तर ठाण्यातच जामीन होतो, तो मागण्याचा हक्क आहे, मेहरबानी नव्हे.

कोर्टात सरकारी वकील पोलीस कोठडी मागतात. तो पीसीआर. मिळाली नाही किंवा संपली की न्यायालयीन कोठडी, म्हणजे एमसीआर, आणि आरोपी जेलमध्ये. बाहेर उभे असलेले नातेवाईक 'एमसीआर' ऐकून रडायला लागतात. खरं तर ती ऐकून वकील जामिनाचा अर्ज खिशातून काढतो. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांच्या वर नाही. पूर्वी हे १५ दिवस सुरुवातीचेच असत, आता ते पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्याने मागता येतात. आरोपपत्र ६० दिवसांत यायला हवं, फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि वरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत. नाही आलं तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. मकोकासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) खास कायद्यांत ही मुदत वाढवता येते.

पेपरात 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' आलंय. म्हणजे केस संपली?

छे. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्याने दाखवलेल्या जागेवरून चाकू निघाला, तर त्या निघण्यापुरतं त्याचं म्हणणं वापरता येतं, तेही पंचनामा नीट असेल तर. बातमी आणि निकाल यांच्यात पंच फितूर होण्याएवढं अंतर असतं.

पोलिसांनी 'बी समरी' पाठवली म्हणतात. हे काय?

ही आपल्या राज्यातली जुनी पद्धत. तपास संपला पण आरोपपत्र द्यायचं नाही, तेव्हा पोलीस समरी अहवाल पाठवतात. ए म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. बी म्हणजे फिर्याद खोटी, खोडसाळ. सी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. शेवटचा शब्द पोलिसांचा नसतो, दंडाधिकाऱ्याचा असतो. फिर्यादीला नोटीस येते आणि हरकत घेता येते. बी समरी मंजूर झाली तर उलट फिर्यादीवरच खोट्या फिर्यादीची कारवाई होऊ शकते, त्यामुळे ही नोटीस टेबलाच्या खणात टाकू नका.

केस सीआयडीकडे किंवा सीबीआयकडे द्या, अशी मागणी करता येते का?

करता येते, मिळणं वेगळं. सीआयडी राज्याचीच, मुख्यालय पुण्यात. सरकार किंवा महासंचालक तपास तिकडे वर्ग करू शकतात. सीबीआय केंद्राची, ती दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम, १९४६ खाली चालते, आणि तिला राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ही सर्वसाधारण संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि दोन वर्षांनी परत दिली. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला तर संमतीचा प्रश्न येत नाही. एनआयए दहशतवादासारख्या गुन्ह्यांसाठी, २००८ च्या कायद्याने आलेली. ईडी हे पोलीस दल नव्हे, अर्थ मंत्रालयाचं खातं आहे. लाच मागितली तर मात्र यातलं काहीच नको, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४. तेही पैसे देण्याआधी.

पोलीस पाटलांचं काम काय?

गावातल्या घडामोडी ठाण्याला कळवणं आणि पोलीस येईपर्यंत घटनास्थळ राखणं हे त्यांचं मुख्य काम, १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने दिलेलं. तपास त्यांचा नाही. पण कोर्टात साक्षीला पोलीस पाटील आला की न्यायाधीश मान वर करून ऐकतात, हे मी पाहिलंय.

सरकारी वकील माझा वकील ना?

नाही, तो राज्याचा. तुमची भेट घेईल, साक्षीआधी जबाब वाचून दाखवेल, पण तुमच्या सांगण्यावरून खटला चालवणार नाही. फिर्यादीला स्वतःचा वकील त्यांच्या मदतीला देता येतो.

वकील परवडत नाही. काय करू?

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला तालुका समिती. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फोन १५१००. 'फुकटचा वकील काय लढणार' हे ऐकून ऐकून कान किटलेत. त्या यादीवरच्या काही वकिलांसमोर मी हरलोय.

लोकअदालतही विधी सेवांच्याच कायद्याखाली. तिथे तडजोड झाली की निवाड्यावर अपील नाही आणि भरलेलं कोर्ट फी परत मिळतं. धनादेश न वटणं, अपघात भरपाई, बँकेचं कर्ज यासाठी उत्तम. वाटणीच्या दाव्यात मात्र घाईने सही करू नका, कारण परत फिरता येत नाही.

वस्तू खराब निघाली, पगार थकला, बिल्डर ताबा देत नाही. हेही याच कोर्टात का?

बहुतेक नाही. ग्राहकाची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर. कामगारांसाठी कामगार आणि औद्योगिक न्यायालय, बिल्डरसाठी महारेरा, सरकारी नोकरीच्या वादासाठी 'मॅट', म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, सोसायटी आणि पतसंस्थेच्या तंट्यांसाठी सहकार न्यायालय. घटस्फोट आणि पोटगी, जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे तिकडे, नसेल तर नेहमीच्या कोर्टात.

पोलिसांनीच त्रास दिला तर तक्रार कोणाकडे?

एसपी किंवा आयुक्तांकडे लेखी. त्याशिवाय राज्य मानवी हक्क आयोग, आणि २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर स्थापन झालेलं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. ठाण्यांत सीसीटीव्ही असावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा हुकूम आहे. फुटेज पुसलं जातं, म्हणून घटनेची तारीख आणि वेळ लिहून ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करा.

पहिल्यांदा कोर्टात जायचंय. तारीख, वेळ, भाषा, काहीच कळत नाही.

समन्सवर तारीख असते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर आपल्या केसचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख, आजवर काय झालं आणि बरेचदा हुकूमही दिसतो. तालुका आणि जिल्हा कोर्टाची भाषा मराठी आहे, १९९८ पासून तसा हुकूम आहे. साक्ष तुमच्या भाषेत द्या. इंग्रजी लागते ती उच्च न्यायालयात.

अकराच्या आधी पोचा. दाराजवळ बोर्ड लावलेला असतो, त्यात आपला क्रमांक बघून ठेवा. मग व्हरांड्यात थांबा, पण लांब जाऊ नका. बेलिफ किंवा पट्टेवाला दारात येऊन तुमचं नाव तीनदा पुकारतो, तेही आडनाव आधी आणि इतक्या वेगात की स्वतःचंच नाव ओळखू येत नाही. मागच्याच महिन्यात माझा एक पक्षकार पुकारा झाला तेव्हा समोर चहा पीत होता. त्याच्या गैरहजेरीत वॉरंटचा हुकूम झाला आणि ते रद्द करून घ्यायला आम्हाला संध्याकाळचे पाच वाजले. मोबाईल सायलेंटवर ठेवा. चहा नंतर.